अरे, आवाज कुणाचा?

आपल्याकडे लोक गच्चीवर बोन्साय करतात, इंग्लंडात गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार बांधतात. थट्टा नाही, रीतसर छंद आहे हा. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची, घरी आणून जोडायची. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर चक्क पुस्तक लिहिलं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टना नवा जन्म मिळू लागला. ऑनसाइट गेलेल्या एखाद्या गाडीवेड्या पुणेकराला हे खूळ लागलं, तर नवल नाही.

आता कल्पना करा. दोन हिवाळे गॅरेजमध्ये गेले, पगाराचा लचका तुटला, घरच्यांची बोलणी खाऊन झाली. गाडी सरकारी तपासणीला नेली. तिथला माणूस एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मीटर धरतो. इंजिन कमाल पॉवर देतं त्या आरपीएमच्या पाऊण पटीवर रेस करायचं. मर्यादा ९९ डेसिबल. तुमचा आकडा १०२. झालं! नंबरप्लेट नाही.

‘तीनच तर जास्त आहेत’ असं म्हणू नका. डेसिबलचं गणित तिरकं असतं. तीन वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट. म्हणजे तुम्हाला निम्मी ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे.

कुठे जिरवणार? खरी गोची इथेच आहे. साध्या गाडीचा पाइप पार मागच्या बंपरपर्यंत जातो, वाटेत दोन-तीन डबे लागतात. सेव्हनच्या जातीच्या गाडीत पाइप बॉनेटच्या बाजूनं बाहेर पडतो आणि तुमच्या कोपराशेजारून जाऊन मागच्या चाकाआधीच संपतो. जागा एकाच डब्याची. म्हणून तो डबा मोठा घ्या, परवडेल आणि मावेल तेवढा. चकचकीत छोटा डबा दिसायला झक्कास, कामाला शून्य.

डब्याच्या आत भोकांची नळी आणि तिच्याभोवती ठासलेली लोकर असते. ही लोकर आवाज खाते आणि हळूहळू जळून, उडून जाते. गेल्या वर्षी पास झालेली गाडी यंदा कोकलते, ती बहुतेक वेळा याच कारणानं. नळीला लागून स्टीलची लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर बेसॉल्टची, म्हणजे जास्त टिकते. फार दाबून भरू नका. हवेला फिरायला जागा हवी.

दुसरा त्रास घुमण्याचा. हायवेला एका ठरावीक वेगात डोकं भणभणतं. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा ठोका देतं. गरम धुरात ध्वनी सेकंदाला साधारण ५०० मीटर धावतो, म्हणजे लाट पाच मीटरची. तिच्या पाव लांबीची, सव्वा मीटरची, टोकाला बंद असलेली नळी पाइपला जोडली की परतलेली लाट मूळ लाटेला मारते. मस्त आहे की नाही? थंड हवेचा वेग धरून गणित केलंत तर नळी आखूड होईल आणि घुमणं तसंच राहील.

बाकी किरकोळ. मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत नाही ना ते बघा. इंजिनाच्या उघड्या कार्ब्युरेटरवर फोमचा फिल्टर लावा, कारण अर्धी बोंब कधी कधी पुढूनच असते. तोंडात अडकवायचं बूच मिळतं, पण ते पॉवरही खातं.

हे सगळं कशाला, असं वाटेल. क्रॉफ्ट नावाच्या इंग्लिश ट्रॅकला शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं आणि २००९ मध्ये तिथले गोंगाटाचे दिवस वर्षाला ४० वर आले. आता ट्रॅकवाले गेटवरच मीटर घेऊन उभे असतात. आपल्याकडे बुलेटच्या साइलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, तिकडे पैसे भरून आलेल्या माणसाला गोडीत परत पाठवतात. जास्त कोणतं लागतं, तुम्हीच ठरवा.

आणि हो, डबा घेताना वेल्ड केलेला घेऊ नका. रिव्हेटचा घ्या, दर सीझनला उघडता येतो.