विमा पोलिसासाठी की आपल्या माणसांसाठी?

मे महिना लागला की मुंबई-ठाण्याहून कोकणाकडे गाड्या निघतात. टपावर सामान, मागे दादी, खाला, पोरंबाळं. विम्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘थर्ड पार्टी आहे ना! पोलीस काही करत नाहीत.’ या उत्तराशीच माझं भांडण आहे.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, तो आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान होईल त्या दुसऱ्या माणसासाठी. हुकूक-उल-इबाद मानणाऱ्याने तो हक्क आधी द्यावा, हे खरंच. पण या पॉलिसीत तुमच्या गाडीची दुरुस्ती येत नाही आणि खासगी गाडीत बसलेली तुमची माणसंही येत नाहीत. २०१२ साली बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सांगितला: पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर, नुसती कायद्यापुरती असेल तर नाही. सोबतचा १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा. दादीचा नव्हे.

दुसरी खोड याहून वाईट. ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेल आणि वर थोडे पैसे’ देऊन लग्नाला न्यायची. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वर्ज्य असतो. अपघात झाला की कंपनी तेच कलम पुढे करते. वाचवलेले दोन-तीन हजार तेव्हा काय कामाचे?

यावर काही जण म्हणतात, ‘विमा नाजायज, आपला भरोसा अल्लाहवर.’ विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याला मनापासून ती अडचण वाटते, त्याचा मी आदर करतो. पण गाडी बँकेच्या व्याजाच्या हप्त्यावर घेताना जी आठवण होत नाही, ती नेमकी प्रीमियम भरतानाच का होते? उंट बांधण्याची हदीस आपण मदरशात पोरांना शिकवतो. स्वतःच्या उंटाची दोरी मात्र एजंटच्या हाती देतो. तो ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, आपण मान डोलावतो.

निघण्याआधी पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी वाचा. ती पॅकेज आहे की फक्त थर्ड पार्टी? प्रवाशांसाठी वेगळा अपघात विमा जोडलाय का? इंजिनाचं संरक्षण आहे का? पावसात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा सुरू करताना इंजिन गेलं, तर साध्या पॅकेजमध्ये त्याची भरपाई सहसा मिळत नाही.

वाचायला दहा मिनिटं लागतात. सफरची दुआ त्यानंतरही म्हणता येते.