लिस्बनच्या विमानतळाचे नाव

आम्हां सांताक्रूझकरांचा दिवस विमानांच्या घरघरीने उगवतो आणि तिनेच मावळतो. परवा रात्रीची जेवणे आटोपल्यावर आमच्या घरी मुलांचा खेळ रंगला होता : कोणत्या शहराच्या विमानतळास कोणाचे नाव? आपल्या शेजारच्या विमानतळास 1999 पासून शिवछत्रपतींचे नाव आहे, हे धाकट्यानेही सांगितले. लिस्बनचे नाव निघताच मात्र सारे गप्प झाले. त्या विमानतळास 2016 मध्ये उंबेर्तो देलगादो यांचे नाव देण्यात आले. आमच्या गावास 'पवित्र क्रूस' या अर्थाचे नाव ज्या भाषेने दिले, त्याच भाषेचा हा पुरुष. आणि त्याच्या अंताचा धागा गोव्यापर्यंत पोहोचतो. सबब त्याची हकीकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

देलगादो यांचा जन्म 1906 चा. 1926 मध्ये लष्कराने पोर्तुगालातील लोकसत्ता उलथून टाकली, त्या उठावात हा तरुण अधिकारी सामील होता. पुढे सालाझारच्या हुकूमशाहीची त्याने इमानेइतबारे सेवा केली. 1945 मध्ये देशाची विमान कंपनी त्यानेच उभारली आणि विमानदलात तो सेनापतिपदास चढला. नंतर कामानिमित्त अमेरिकेत काही वर्षे काढल्यावर त्याची मते पालटली. 1958 मध्ये तो अध्यक्षपदासाठी उभा राहिला. निवडून आल्यास सालाझारचे काय करणार, असे पत्रकारांनी विचारताच, त्यास अर्थातच बडतर्फ करीन, असे त्याने भर सभेत सांगितले. सरकारी मोजणीनेसुद्धा त्यास सुमारे चतुर्थांश मते मिळाली. लागलीच 1959 मध्ये लोकांनी अध्यक्ष निवडण्याची पद्धतच सरकारने मोडीत काढली! भ्याले कोण होते, हे निराळे सांगावयास नको.

देलगादोची नोकरी गेली. देशत्याग करावा लागला. 13 फेब्रुवारी 1965 रोजी गुप्त पोलिसांनी खोट्या भेटीचे आमिष दाखवून त्यास स्पेनच्या सरहद्दीवर गाठले आणि त्याचा व त्याच्या सचिव बाईंचा खून केला. मारेकऱ्यांतील कासिमिरो मोंतेरो हा गोव्यातच जन्मलेला. गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छळाबद्दल तो तेथे पूर्वीच कुप्रसिद्ध झालेला होता. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तेव्हा हे कसब मालकाने मायदेशी वापरले. आपले मोहन रानडे त्या वेळी पोर्तुगालच्याच तुरुंगात होते. त्यांची सुटका 1969 मध्ये झाली.

गोव्याची मुक्ती हा देलगादोच्या निवडणुकीचा विषय नव्हता, हे आम्ही लपवीत नाही. परंतु दूरच्या प्रजेच्या पाठीवर जी लाठी निर्धास्त चालू दिली, ती अखेर घरच्या सेनापतीच्या माथ्यावर आली, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

हकीकत संपल्यावर आमच्या पुतणीने विचारले, "म्हणजे काका, तो आधी वाईट होता ना?" क्षणभर आम्हांस उत्तर सुचेना. मग आमच्या मातोश्री पानदान मिटीत म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या तोंडावर 'तुझं चुकलं' म्हणायचं, म्हणजे आधी 'माझं चुकलं' म्हणावं लागतं. आपल्या घरात तरी आजवर कोण म्हणालंय?"

त्यावर आम्ही वडीलधारे सर्वजण विमानाचा आवाज ऐकू लागलो.