गाळलेलं पान

सरकार लढाईत उतरलं की त्याची बाजू मांडणाऱ्या लेखण्यांना एक वाक्य तोंडपाठ असतं : आधी लढाई जिंकू, तुमचं गाऱ्हाणं मग बघू. हे 'मग' नेहमी कोणाच्या वाट्याला येतं, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसरं महायुद्ध घ्या. २२ जून १९४१ ला हिटलर रशियात घुसला आणि इथल्या कम्युनिस्टांचं कालपर्यंतचं साम्राज्यशाही युद्ध पुढं 'लोकयुद्ध' झालं. संप नको, उत्पादन वाढवा, असा उपदेश कामगाराला मिळू लागला. त्यांची ही कोलांटउडी आपण भाषणात चवीनं सांगतो. सांगावीच. पण दोस्तहो, आपल्या घरचं काय?

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९९७ साली अरुण शौरींनी त्याच मुद्द्यावरून त्यांना इंग्रजधार्जिणे ठरवणारं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून आपले लेखक उत्तराची यादी खिशात घेऊन फिरतात : खाणकामगारांचा कल्याण निधी, बाळंतपणाचा भत्ता, दामोदर खोऱ्याची योजना. यादी खरी आहे. पण तिच्यातलं एक पान गाळलेलं आहे. कोळशाच्या धुळीत जगणाऱ्या वणीतल्या माणसानं तरी ते गाळू नये.

बायकांना भुयारी खाणीत उतरवायला बंदी होती. १९४३ साली युद्धाला कोळसा कमी पडला, तेव्हा सरकारनं मध्य प्रांत, बंगाल, बिहारात ही बंदी उठवली. खातं बाबासाहेबांचं. ८ फेब्रुवारी १९४४ ला मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावरून खडाजंगी झाली. बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली : मजूर लष्करी कामांकडे गेले, काळ असाधारण आहे, हा उपाय तात्पुरता आहे, बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल.

मी विचारतो, मजूर जास्त पैशांमागे गेला असेल तर तुटवडा माणसांचा होता की मजुरीचा? मग मालकाला म्हणा, दाम वाढव! ते अवघड, बाईला खाली उतरवणं सोपं. आणि ती बाई कोण? बहुतेक आदिवासी, नाहीतर दलित. १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलासाठी बोललेले बाबासाहेब त्या खात्यावर होते, तरी युद्धानं त्या खात्याकडून हे करवून घेतलं. युद्ध म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आपलेच पोट्टे म्हणतात, "काऊन उकरता हे? दुश्मनाच्या हाती कोलीत भेटते ना!" अरे, दुश्मनाला वाचता येतं. सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात हे भाषण आहे. न वाचणारे आपणच.

आणि पान पुरतं वाचा ना. तो माणूस सभागृहात उभा राहिला, टोले खाल्ले, उत्तर दिलं. १९४५ साली बाळंतपणाच्या आगेमागे बाईला भुयारात नेण्याला कायद्यानं मनाई झाली. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी १९४६ ला, बंदी परत लागू झाली. 'तात्पुरतं' म्हटलेलं तात्पुरतंच राहिलं.

त्याच्या शेजारी १९७१ ठेवा. ३ डिसेंबरला युद्धासाठी आणीबाणी. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. तेरा दिवसांची लढाई, आणि ती आणीबाणी उठली २७ मार्च १९७७ ला! मधल्या काळात, १९७४ साली, रेल्वे कामगारांचा संप मोडायला लढाईसाठी केलेला भारत संरक्षण कायदाच वापरला. विजयाचे अग्रलेख लिहिणाऱ्या किती जणांनी विचारलं, बाई, लढाई संपली, कायदा कधी संपणार?

म्हणून कोणी युद्धातल्या सरकारची वकिली करायला आला की त्याला विचारा : मुदत किती? दाम किती आणि तो कोणाच्या खिशातून? सभागृहात उत्तर कोण देणार? हे प्रश्न बाबासाहेबांच्या खात्यालाही विचारा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं. त्या भुयारातल्या बायका आपल्याच होत्या. पुढच्या सभेत यादी वाचाल तेव्हा त्यांचं पानही वाचा. जयभीम.