पहिले पान सोपे असते

गोव्यात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण नवे नाही. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून एके काळी मुले अक्षरओळखीबरोबरच सोल्फेज गिरवीत. आज खासगी शिकवण्या, कला अकादमी आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा यांमुळे सर्व समाजांतील मुले पियानोसमोर बसू लागली आहेत. आपल्या डॉक्टर मंडळींच्या घरची मुलेही त्यांत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र मुलाला कोणती रचना झेपेल, हे ठरविण्याची आपली रीत मला सदोष वाटते. आपण पहिले पान पाहून निर्णय घेतो.

बीथोव्हेनची ‘फ्यूर एलिझे’ घ्या. १८१० सालची ही रचना १८६७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी प्रथम छापली गेली. तिची आरंभीची सुरावट कानाला परिचित आणि बोटांना सोपी. दोन्ही हात जणू आळीपाळीने बोलतात. परंतु पुढे एफ मेजरमधील भागात बत्तिसांश स्वरांची धावपळ येते. त्यानंतर डावा हात खालचा ‘ए’ एकसारखा वाजवीत राहतो आणि त्यावर उजव्या हाताने भरीव स्वरसंघ पेलावयाचे असतात. शेवटी तीन-तीन स्वरांच्या गटांनी वर चढून, एकही काळी-पांढरी पट्टी न वगळता खाली उतरावे लागते. पहिल्या पानाची हौसेची लय येथे मोडते. मग घरात एकच निदान होते : सराव कमी पडतो!

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची सहनशक्ती आपण त्याच्या धडधाकट अवयवांवरून ठरवीत नाही; दुबळे हृदय वा मूत्रपिंड पाहून ठरवितो. येथेही तोच न्याय हवा. रचनेतील सर्वांत अवघड दोन-तीन ओळी आधी शोधाव्यात. त्या एकेका हाताने, अगदी सावकाश वाजविता येतात काय? आठवडाभरात काही सुधारणा दिसते काय? दिसत असेल तर रचना योग्य. नसेल तर ती सहा महिने बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही. संपूर्ण रचनेची लयही याच ओळींनी ठरवावी.

दुसरी कसोटी मुलाच्या हाताची. पियानोवर एका सप्तकाचे अंतर सुमारे १६.५ सेंटिमीटर असते आणि ते मुलाच्या वयानुसार बदलत नाही. याच रचनेत डाव्या हाताला त्याहूनही लांबचे स्वर एकामागून एक घ्यावे लागतात. तेथे पंजा ताणून धरावयाचा नसतो. मनगटाने हात पुढे न्यावयाचा असतो. सरावानंतर मनगट वा अंगठा दुखत असेल तर ती तपश्चर्या नव्हे, ते लक्षण आहे, आणि लक्षण दडपण्याऐवजी कारण शोधावे हे आपणांस कोणी सांगावयास नको.

सरावाची मात्राही औषधासारखीच असावी. रविवारच्या सलग दोन तासांपेक्षा रोजची वीस मिनिटे गुणकारी. आणि मन ताजे असते तेव्हा, म्हणजे आरंभीच, अवघड ओळ घ्यावी. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण येथे दुहेरी घातक.

ट्रिनिटीच्या आठ श्रेण्या म्हणजे वाढीचा तक्ता नव्हे. शेजारचे मूल पाचवीत पोहोचले म्हणून आपल्याही मुलास तेथे लोटणारे पालक परीक्षा कदाचित जिंकतील. पण पुढे घरातला पियानो कायमचा मिटलेला राहील. त्यापेक्षा एक पायरी खालची रचना मनापासून वाजविणारे मूल मला अधिक निरोगी वाटते.