अँटिव्हायरस टाकला, म्हणजे संगणक सुरक्षित झाला?

चेलाडी फाट्यावरून आत वळले की नसरापूरची बाजारपेठ लागते. भोर-वेल्ह्याच्या गावांतील लोक सातबारा, उत्पन्नाचा दाखला, प्रवेश अर्ज अशा कामांसाठी अशाच बाजारपेठेतला सेवा केंद्राचा किंवा झेरॉक्सचा संगणक गाठतात. दिवसभर त्या एका संगणकाला अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात, आधार कार्डे स्कॅन होतात. तिथे व्हायरस शिरला, तर नुकसान दुकानदारापुरते राहत नाही.

अँटिव्हायरस नेमके काय करतो?

पोलिसांकडे जशी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंची यादी असते, तशी अँटिव्हायरसकडे ज्ञात व्हायरसच्या ओळखखुणांची यादी असते. फाइल उघडताना तो ती यादीशी ताडून पाहतो. आजचे अँटिव्हायरस फाइलच्या संशयास्पद हालचालीही टिपतात. पण नवा चेहरा यादीत येईपर्यंत त्याला संधी मिळू शकते. यादी अद्ययावत नसेल, तर जुना चोरही सुटतो.

या क्षेत्रात पुण्याचे नाव मोठे आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले. तेव्हा व्हायरस मुख्यतः फ्लॉपीतून पसरत. आज तो ई-मेल, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल किंवा फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून येतो.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण अपडेटची. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. अनेकांनी ती घेतली नव्हती. सुमारे दीड महिन्यात, २७ जूनला, आलेल्या नव्या हल्ल्याने त्याच त्रुटीचाही फायदा घेतला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

दुसरी अडचण जुन्या विंडोजची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालतो, पण सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. काही काळाच्या वाढीव सोयीसाठी वेगळी नोंदणी लागते. पायरेटेड विंडोजवर अपडेट मुद्दाम बंद ठेवले जाते, ते वेगळेच.

तिसरी अडचण माणसांची. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवण्यात आले. त्यातील बहुतांश पैसे २८ देशांतील एटीएममधून निघाले. बँकेसारखी मोठी यंत्रणा भेदली जाते, तर एकाच पासवर्डवर सगळे कर्मचारी काम करणाऱ्या छोट्या कार्यालयाची काय कथा?

काय करावे?

• घरच्या विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस फुकट असतो. तो चालू आणि अद्ययावत ठेवावा. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नयेत. ते एकमेकांना अडवतात आणि संगणक मंदावतो.

• महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क लगेच काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

• पेनड्राइव्ह आधी स्कॅन करावा, मगच उघडावा.

• रोजच्या कामासाठी ‘ॲडमिन’ नव्हे, साधे खाते वापरावे.

• ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी उघडली, तर फोन करू नये. तोच सापळा असतो.

• केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची व्हायरस साफ करणारी साधने मोफत आहेत. पैसे गेले असतील, तर विनाविलंब १९३० वर कळवावे.

घरातला संगणक बिघडला, तर घरातले फोटो जातात. पतसंस्था, दवाखाना किंवा सेवा केंद्राचा बिघडला, तर इतरांनी विश्वासाने दिलेली कागदपत्रे जातात. दुकानाच्या शटरला कुलूप लावण्याचा खर्च कोणी वायफळ मानत नाही. वर्षाचा परवाना, एक जादा हार्ड डिस्क आणि कर्मचाऱ्यांचे थोडे प्रशिक्षण हा खर्चही त्याच खात्यात धरायला हवा. ग्राहकानेही पेनड्राइव्ह देताना विचारावे, ‘अँटिव्हायरस शेवटचा अपडेट कधी केला?’