शेवटच्या विहिरीवरील विजेचा दाब

विजेच्या ओळीच्या अगदीं शेवटीं ज्यांची विहीर आहे, त्या बागाइतदारांस पुढील अनुभव नवा नाहीं. पुरवठा सुरू होतो, दिवा तांबूस जळतो, मोटार नुसती घुमते पण पाणी चढत नाहीं, आणि थोड्याच दिवसांत ती भरून आणण्यासाठीं तालुक्यास न्यावी लागते. यावर जो तो एकच उपाय सांगतो, कीं सरकारनें वीज अधिक निर्माण करावी. आमच्या मतें हें निदान चुकीचें आहे. रोग बहुधा निर्मितींत नसून वांटपांत आहे. आणि तो ओळखण्यापुरतें विजेचें शास्त्र प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेतलें पाहिजे.

१८३१ सालीं मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला असतां तारेंत प्रवाह उत्पन्न होतो. चुंबक स्थिर राहिला तर कांहींच होत नाहीं. खोपोलीस १९१५ पासून लोणावळ्याकडील तलावांचें पाणी सुमारें ५०० मीटर खालीं आणून त्याच्या जोरावर चक्रें फिरवितात व त्यांच्याबरोबर चुंबक फिरतो. (हें पाणी मुळांत पूर्वेस भीमेच्या खोऱ्यांत जावयाचें, हा वाद निराळा.) कोयनेचें वीजघर १९६२ पासून याच तत्त्वावर चालतें. कोळशाच्या वीजघरांत पाण्याच्या जागीं वाफ असते, एवढाच भेद. आपल्या पंपाची मोटार हें याच यंत्राचें उलट रूप होय: तेथें वीज चुंबकत्व निर्माण करिते आणि तें चुंबकत्व दांडा फिरवितें.

आतां मुख्य मुद्दा वाहतुकीचा. वसुलाची रक्कम चिल्लरींत कचेरीस पोंचवावयाची तर गाडी लागते. तीच मोठ्या नोटांत खिशांत मावते. विजेचेंहि तसेंच आहे. दाब मोठा असला म्हणजे तेवढ्याच शक्तीस प्रवाह थोडा पुरतो, आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. प्रवाह दुप्पट झाला कीं नासाडी चौपट. एकाच जाडीच्या तारेंतून तेवढीच शक्ति ४०० व्होल्टांऐवजीं ११,००० व्होल्टांनीं नेली, तर नासाडी सातशेंव्या हिश्श्याहूनहि कमी होते. म्हणूनच वीजघरापासून गांवापर्यंत मोठ्या दाबानें वीज आणितात व रोहित्रांत, म्हणजे आपण ज्यास डीपी म्हणतों त्यांत, तो दाब उतरवितात. रोहित्रांत लोखंडाच्या गाभ्यावर दोन वेटोळीं असतात. त्यांच्या वेढ्यांचें जें प्रमाण, तेंच दाबाचें.

पुष्कळ गांवीं चूक होते ती यापुढें. एक मोठें रोहित्र गांवाजवळ बसवून तेथून लघुदाबाच्या तारा दूरवर मळ्यांतून ओढलेल्या असतात, व त्यांवर पंपांची संख्या वाढतच जाते. दाब वाटेंतच खर्ची पडतो. ४०० चे ३०० व्होल्ट झाले, तर मोटारीचें चालू होण्याचें बळ निम्म्याहून किंचितच अधिक उरतें. आणि चालू झालीच तर तेंच काम करण्यास ती प्रवाह जास्त ओढिते, तापते व जळते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत लघुदाबाच्या पुरवठ्यांत शेंकडा ६ हून अधिक फरक पडूं नये असें कलम होतें.

यावर उपाय एकच, तो म्हणजे मोठ्या दाबाची तार मळ्यापर्यंत न्यावी व दोन-तीन विहिरींस एक लहान रोहित्र द्यावें. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें नव्या शेतीपंपांकरितां उच्चदाब वितरण प्रणालीची जी योजना काढली, तिचा पाया हाच. परंतु जुन्या जोडण्यांच्या लांब ओळींचें काय? खर्च फार, असें उत्तर मिळतें. मोटारी भरण्याचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथीं असतो, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

आपल्या बाजूसहि दोष आहेत, ते झांकण्यांत अर्थ नाहीं. आंकडे टाकून घेतलेली वीज कंपनीची जाते हें खरें. पण दाब कमी होतो तो त्याच ओळीवरील शेजाऱ्याचा. (११,००० व्होल्टांच्या तारेवर आंकडा टाकण्याची छाती कोणाची होणार नाहीं, हा लहान रोहित्रांचा आणखी एक लाभ.) आपोआप चालू करणारी पेटी बसविल्यानें वीज येतांच सर्व मोटारी एकाच क्षणीं उठतात, व चालू होतांना प्रत्येक मोटार नेहमींच्या कित्येक पट प्रवाह घेते. तसेंच मोटारीस चुंबकत्वापुरता जो प्रवाह लागतो तो जागच्या जागीं पुरविणारा कपॅसिटर पुष्कळजण काढून टाकितात. त्यामुळें तेवढा प्रवाह लांबून तारेंतून यावा लागतो व दाब आणखी खालावतो.

वीज कंपनीकडे अर्ज करावयाचा तर "दाब कमी आहे" एवढेंच मोघम लिहूं नये. तसले अर्ज बस्त्यांत कसे राहतात, हें आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिलें आहे. रोहित्राची क्षमता, त्यावरील पंपांची संख्या व त्यांचे हॉर्सपॉवर, रोहित्रापासून शेवटच्या विहिरीचें अंतर, आणि सर्व पंप चालू असतां तेथें मोजलेले व्होल्ट तारीखवेळेसह नमूद करावेत. ओळीवरील सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्यात व पोंच घेतल्याखेरीज कचेरींतून निघूं नये.