विठाबाई : नाळेच्या कथेपलीकडे

१/ विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) हे नाव निघताच एकच कथा पुढे येते : खेळ ऐन रंगात असताना प्रसूती, दगडाने तोडलेली नाळ आणि पुन्हा बोर्डावर प्रवेश. त्यावर टाळ्या पडतात आणि इतिहास तिथेच आटोपतो.

२/ ही कथा गौरवाची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती आरोपपत्र आहे. दिवस भरलेल्या स्त्रीला बोर्डावर का उभे राहावे लागले? खेळ थांबला की अख्ख्या फडाची चूल थांबत असे. या विवशतेला ‘कलानिष्ठा’ म्हणणे ही प्रेक्षकांची सोय आहे.

३/ शिवाय या कथेत कलावंत विठाबाई हरवतात. आजोबा नारायण खुडे यांच्यापासूनची परंपरा, वडील व चुलते भाऊ-बापू यांचा फड, पुढे स्वतःच्या नावाचा फड. गायन, नृत्य आणि वगातील अभिनय यांवर सारखीच हुकमत. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार.

४/ तरीही अखेरच्या आजारात रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी भरले. शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो २००६ मध्ये.

५/ जुन्नर तालुक्यातील नारायणगावात आजही तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तेथील कलावंत स्त्रियांच्या बाळंतपणाची आणि वार्धक्याची तरतूद काय? नाळेची कथा सांगायचीच असेल, तर या प्रश्नासह सांगावी.